लाखेत उमटलेला रविवार

दरेकसा स्टेशनवर उतरून कचारगडच्या दिशेने निघालं की जंगल सुरू होतं आणि त्यात पळस असतोच. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचा किडा वाढतो. त्याने फांदीवर सोडलेली राळ खरवडायची, धुवायची, वितळवायची की चपडी लाख तयार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनची तबकडी याच चपडीत दगडाची बारीक भुकटी मिसळून छापली जाई. जगाला लागणारी बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातून जायची. मध्य प्रांतापासून छोटा नागपूरपर्यंतच्या जंगलपट्ट्यातल्या आदिवासींनी ती गोळा केलेली असे. पाश्चात्त्य सिंफनीशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी आधी ही गोष्ट सांगतो.

त्या लाखेवर उमटलेली एक मैफल मला फार मोलाची वाटते. १६ जानेवारी १९३८, रविवार. व्हिएन्नातल्या म्युझिकफेराइन सभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद गुस्ताव मालरची नववी सिंफनी वाजवत होता आणि संचालन ब्रुनो वॉल्टर करत होते. एच.एम.व्ही. या तबकडी कंपनीने ती श्रोत्यांसमोर, चालू मैफलीत मुद्रित केली. या सिंफनीचं हे पहिलं ध्वनिमुद्रण. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्चच्या मध्यावर, हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात घुसलं.

मालर १९११ साली गेला. आपल्या काळातला तो मोठा कंडक्टर, पण त्याने संचालन केलेल्या वाद्यवृंदाचं एकही मुद्रण नाही; उरल्या आहेत त्या १९०५ साली पियानोवर वाजवून ठेवलेल्या छिद्रांच्या कागदी गुंडाळ्या. आपल्याकडे गायक भास्करबुवा बखल्यांचं असंच झालं. त्यांचा आवाज तबकडीवर आलाच नाही. बुवांचं गाणं समजून घ्यायचं तर त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांच्याकडे जावं लागतं. मालरच्या बाबतीत ती जागा वॉल्टरची आहे. हँबुर्गमध्ये आणि पुढे व्हिएन्नात तो मालरचा सहायक होता. गुरूने १९०९ साली रचलेली ही सिंफनी गुरूला स्वतःला कधीच ऐकायला मिळाली नाही. तिचं पहिलं सादरीकरण जून १९१२ मध्ये याच वाद्यवृंदाकडून वॉल्टरने केलं. १९३८च्या मैफलीत पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर आर्नोल्ड रोझे होते, मालरचे सख्खे मेहुणे. म्हणजे रचनाकार ज्यांच्या घरात आणि कामात वावरला होता, त्या माणसांनीच ती वाजवली.

हे मुद्रण करवून घेणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. फ्रेड गाइसबर्ग. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं ते यानेच. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, सगळा राग तीन मिनिटांत आटपायचा. छत्तीस वर्षांनी तोच माणूस सुमारे सत्तर मिनिटांची सिंफनी मैफल न थांबवता पकडायला निघाला होता.

ते कसं साधलं, हे समजून घेण्यासारखं आहे. १९२५च्या सुमारास विजेचं मुद्रण आलं होतं, त्यामुळे मायक्रोफोन होता. पण व्यवहारात टेप अजून आलेली नव्हती. आवाज थेट मेणाच्या जाड चकतीवर कोरला जाई आणि एका चकतीत चार-साडेचार मिनिटंच मावत. म्हणून दोन यंत्रं शेजारी ठेवायची. पहिली चकती संपत आली की दुसरी सुरू करायची, ती चालू असताना पहिल्या यंत्रावर नवी चढवायची. अशा वीस बाजू भरल्या, म्हणजे दहा तबकड्या. मेण मुद्रणानंतर लगेच वाजवून पाहता येत नसे, कारण सुई फिरली की खाच बिघडे. कापाकापी, जोडाजोड तर अशक्यच. स्टुडिओत एखादी बाजू बिघडली तर ती पुन्हा वाजवून घेता येते. इथे सभागृह भरलेलं होतं आणि सिंफनी पुढे चालली होती.

आज ‘लाइव्ह’ लिहिलेल्या बऱ्याच ध्वनिमुद्रिका दोन-तीन रात्रींच्या मैफलींतले चांगले तुकडे जोडून, शिवाय रिकाम्या सभागृहात दुरुस्त्या वाजवून तयार होतात. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. पण व्हिएन्नाच्या त्या मुद्रणात लोक खोकतात, घाईच्या जागी वादकांचे सूर क्वचित निसटतात, आणि ते सगळं जसंच्या तसं राहिलं आहे. जानेवारीतल्या थंडीत आलेल्या त्या श्रोत्यांपैकी कितीजणांना पुढच्या वर्षभरात शहर सोडावं लागलं असेल, हा विचार खोकला ऐकताना मला टाळता येत नाही.

कारण पुढे जे झालं ते भयंकर आहे. वॉल्टर ज्यू, रोझे ज्यू, मालर जन्माने ज्यू. वॉल्टर सैन्य घुसलं तेव्हा परदेशी होता, तो परतला नाही. छापून आलेल्या नमुन्याच्या तबकड्या त्याने पॅरिसमध्ये ऐकून मंजूर केल्या. अनेक दशकं वाद्यवृंदाचं नेतृत्व केलेल्या रोझेंना काढून टाकण्यात आलं आणि म्हातारपणी लंडन गाठावं लागलं. त्यांची मुलगी आल्मा ऑशविट्झमध्ये स्त्री कैद्यांचा वाद्यवृंद चालवत असे. १९४४ साली ती तिथेच मरण पावली. वाद्यवृंदातले सात वादक नाझी छळामुळे जिवाला मुकले. मालरचं संगीत व्हिएन्नात युद्ध संपेपर्यंत बंद झालं.

वॉल्टरचा आणि मालरचा एक धागा मुंबईशीही जुळतो. मुंबईत १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून तो आणि त्याचा मित्र क्लाउडिओ अब्बाडो तिथल्या गायकवृंदात शिरले. त्या कंडक्टरांत वॉल्टरही होता. याच झुबिन मेहतांनी १९९९ साली बुखेनवाल्ड छळछावणीजवळ मालरची दुसरी सिंफनी सादर केली. इस्रायल फिलहार्मोनिकचे आणि बव्हेरियन ऑपेराचे जर्मन वादक त्यात शेजारी-शेजारी बसले होते.

नववी सिंफनी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सगळी एका बैठकीत ऐकण्याचा हट्ट धरू नये. चार भाग आहेत. पहिला आणि शेवटचा संथ, मधले दोन खडबडीत, उपहासाने भरलेले. पहिल्या भागाची सुरुवात चेलो, हॉर्न आणि हार्प यांच्या अडखळत्या लयीने होते, मग दुसरी व्हायोलिनं हळूच सूर धरतात. तिथे मन लागलं तर थेट शेवटच्या भागाकडे जावं. त्याच्या अखेरच्या पानावर फक्त तंतुवाद्यं उरतात आणि इतकी हलकी वाजतात की जुन्या तबकडीची खरखर त्यांच्या बरोबरीला येते.

वॉल्टरने हीच सिंफनी १९६१ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेत स्टिरिओत पुन्हा मुद्रित केली. तिथे शेवटचा भाग सुमारे एकवीस मिनिटं चालतो, आवाज स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. १९३८ मध्ये तोच भाग अठरा मिनिटांच्या आसपास संपतो. ताण या जुन्या मुद्रणात जास्त आहे, आणि मी आधी ऐकायला सांगेन ते हेच.