मोबाइलवरची रेघ आणि शेताचा बांध

शेजाऱ्याने बांध कोरला, ही आपल्या गावांतली जुनी तक्रार. आता तिला मोबाइलचा नवा पुरावा जोडला जातो. ऑनलाइन नकाशात गटाची रेघ शेजाऱ्याच्या विहिरीवरून गेलेली दिसते, तिचा स्क्रीनशॉट भाऊबंदांच्या ग्रुपवर फिरतो आणि काही दिवसांत बांधावर जेसीबी उभा राहतो. पुढे पोलीस ठाणे, तहसील कचेरी आणि दिवाणी दावा. ज्या रेघेच्या भरवशावर हे सगळे घडते, ती येते कुठून, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज असा: ‘गटांचा नकाशा सरकारी आहे, उपग्रहाचे चित्र खरे आहे, मग एकावर एक ठेवल्यावर दिसते ती हद्द खरीच असणार.’ दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असल्या, तरी त्या एकमेकींवर नेमक्या बसतीलच असे नाही.

आपल्याकडची जमीन मोजणी इंग्रजी अमदानीतली. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीने काम सुरू केले आणि ती पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. मोजणी शंकू-साखळीने होई. साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. शेताच्या कच्च्या आकृतीवर ही मापे टिपून ठेवली जात, ते टिपण. टिपणातली आकृती प्रमाणात काढलेली नसते, महत्त्व असते तिच्यावर लिहिलेल्या आकड्यांना. अशा मोजण्या जोडून गावचा नकाशा तयार झाला. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्या योजनेत राहिलेल्या चुका आजही दुरुस्तीच्या अर्जांमधून वर येत असतात.

त्या नकाशांना अक्षांश-रेखांश नव्हते. त्यांची गरजही नव्हती, कारण मोजणारा माणूस हद्दीच्या दगडावर उभा राहून मोजत असे. आता तोच कागद, कित्येकदा झिजलेला, घड्यांवर फाटलेला, काळाच्या ओघात आकसलेला, स्कॅन करून संगणकात घेतला जातो. नदीचे वळण, रस्त्याचा तिठा, शिवेवरचा दगड अशा काही खुणा पकडून तो उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवतात. खुणा थोड्या असल्या किंवा शंभर वर्षांत ओढ्यानेच पात्र बदलले असले, तर अख्ख्या गावाचा नकाशा एका बाजूला सरकतो.

नकाशाखालचे उपग्रहाचे चित्रसुद्धा निर्दोष नसते. गूगल अर्थवरच्या स्पष्ट चित्रांचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या 109 शहरांतले 436 बिंदू तपासले, तेव्हा सरासरी चूक सुमारे 40 मीटर निघाली. त्यानंतर चित्रे बरीच सुधारली आहेत, पण डोंगरउतारावर अडचण राहतेच. उपग्रह तिरकस कोनातून पाहतो आणि उंचसखल जमीन चित्रात जागची हलते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत जमीन असेल, तर हे ध्यानात ठेवाच. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रे एकामागून एक उघडून पाहा, तेच घर किंचित इकडेतिकडे सरकताना दिसू शकते.

यावरून एक साधी पडताळणी सांगता येते. आपल्या एकाच गटाकडे पाहू नका, आजूबाजूचे दहा-पंधरा गट पाहा. सगळ्यांच्याच रेघा प्रत्यक्ष बांधांपासून एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेल्या दिसल्या, तर सरकला आहे तो नकाशा. शेजाऱ्याने तुमची जमीन बळकावल्याचा तो पुरावा होत नाही.

असल्या चुकीची किंमत दोन देशांनीही मोजली आहे. 2010 मध्ये सान हुआन नदीच्या मुखाजवळ निकाराग्वाची माणसे कोस्टा रिकाचा हक्क असलेल्या भूभागात शिरली. गाळ काढण्याच्या कामाचे प्रमुख एदेन पास्तोरा यांनी समर्थनासाठी गूगलच्या नकाशाकडे बोट दाखवले. तिथली सीमारेषा 2.7 किलोमीटरपर्यंत चुकल्याचे गूगलने मान्य केले. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 16 डिसेंबर 2015 रोजी कोस्टा रिकाच्या बाजूने निकाल लागला, तो 1858 चा करार आणि त्यावरचे जुने लवादाचे निवाडे यांच्या आधारे.

दुसरा गैरसमज मोबाइल हातात घेऊन बांधाने चालणाऱ्यांचा: ‘ॲपने क्षेत्र मोजले, पाच गुंठे कमी भरले.’ मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण 5 मीटरच्या आत जागा दाखवतो. झाडाखाली, इमारतीजवळ किंवा दरीत चूक आणखी वाढते. आता हिशेब करा. बांध 100 मीटर लांब असेल आणि रेघ 5 मीटर सरकली, तर फरक पडतो 500 चौरस मीटरचा, म्हणजे 5 आर. जवळजवळ पाच गुंठेच! हरवलेली जमीन पुष्कळदा या चुकीतच असते.

मग रोव्हर या उपग्रहाधारित मोजणी यंत्राने मोजले तर? महाराष्ट्रात सर्वे ऑफ इंडियाच्या साहाय्याने 77 कायमस्वरूपी संदर्भ केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांच्या आधारे रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान देतो. ही मोठीच सुधारणा आहे आणि तिचे स्वागत करायला हवे. पण तुम्ही उभे आहात तो बिंदू पृथ्वीवर कुठे आहे, एवढेच रोव्हर सांगतो. मूळ मोजणीत हद्द कुठे होती, ते टिपण, फाळणी (पोटहिश्श्यांच्या विभागणीचा अभिलेख), एकत्रीकरणाचा नकाशा आणि जुन्या खुणा यांच्यावरूनच ठरते. खासगी माणसाने रोव्हर आणून बांधावर चुना टाकला, तर त्याने सरकारी हद्द कायम होत नाही.

सर्वांत जास्त पैसा बुडवणारा गैरसमज खरेदीदारांचा आहे. दलाल व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवतो, पिन छान सपाट, रस्त्यालगतच्या जागेवर असते. पिन कुणीही कुठेही टाकू शकतो, गट नंबराशी तिचा काहीही संबंध नसतो. सातबाराही याबाबतीत अपुरा आहे: तो नाव, क्षेत्र, आकार, बोजे आणि पिके सांगतो, हद्द दाखवत नाही. सामायिक सातबारातले दहा गुंठे घेणाऱ्याने तर विशेष जपावे. पोटहिस्सा मोजून नकाशात उतरलेला नसेल, तर त्या दहा गुंठ्यांना नकाशात जागाच नसते. कंपाउंड घातलेले दिसते तेवढी फक्त वहिवाट, आणि सहहिस्सेदार उद्या तिला हरकत घेऊ शकतो. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी आहे. व्यवहारात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्या.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. ऑनलाइन नकाशात पांढरी पट्टी दिसली म्हणून वाट सार्वजनिक ठरत नाही, आणि दिसली नाही म्हणून हक्क संपत नाही. गाव नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, तो पाहा. शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचा आधार आहे.

हद्दीची शंका असेल, तर मार्ग एकच: तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज. तो ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येऊन वहिवाट मोजतो, अभिलेखाशी ताडून पाहतो आणि हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, मिळते. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. अतिक्रमण निघाले तरी खाते ताबा देत नाही, त्यासाठी सहसा दिवाणी न्यायालयात जावे लागते, हेही आधीच माहीत असावे.

शेतात उभे पीक असले की मोजणी अडते, म्हणून रान मोकळे होण्याच्या बेताने अर्ज द्या. नोटिशीची वाट न पाहता शेजाऱ्याला स्वतः जाऊन सांगा, मोजणीच्या दिवशी त्याला बरोबर उभे करा आणि ‘क’ प्रत हाती येईपर्यंत बांधाला हात लावू नका.