गांवच्या सोसायटींतील संगणक : कोणीं काय करावयाचें ?

आपल्या गांवची विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी म्हणजे शेतकऱ्याच्या घरचें दुसरें कोठारच होय. खरिपाच्या तोंडावर बी-खतास लागणारा पैसा तेथून निघतो व सुगीनंतर तेथेंच परत जातो. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाल्यापासून या संस्थांचा सारा कारभार किर्द, खतावणी, पावतीपुस्तक व कर्जरोखे यांवर चालत आला. आतां तो संगणकावर चढविला जात आहे. परंतु ज्यांचीं खातीं त्यांत जावयाचीं, त्या सभासदांपैकीं पुष्कळांस हें काम कोण करणार, कसें करणार व त्यांत आपला भाग कोणता, याची कल्पना नाहीं. म्हणून या अंकीं त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

योजना काय आहे

देशांतील ६३,००० चालू प्राथमिक कृषि पतसंस्था पांच वर्षांत संगणकावर आणण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळानें २९ जून २०२२ रोजीं मान्यता दिली. त्या वेळीं धरलेला खर्च २,५१६ कोटी रुपये असून त्यांत केंद्र सरकारचा वांटा १,५२८ कोटींचा, राज्य सरकारांचा ७३६ कोटींचा व नाबार्डचा २५२ कोटींचा होता. या खर्चांत मुख्यतः चार गोष्टी येतात : सर्व संस्थांस समान असें एक सॉफ्टवेअर, संस्थेस लागणारी यंत्रसामग्री, जुन्या दप्तराची संगणकांत नोंद, आणि काम करणारांस शिक्षण. सॉफ्टवेअर लोकभाषेंत असावें व राज्याच्या गरजेप्रमाणें त्यांत फेरफार करतां यावा, असेंहि ठरलें. देखरेखीकरितां केंद्रांत व राज्यांत स्वतंत्र कक्ष, आणि जिल्ह्यांत सुमारें दोनशें संस्थांच्या गटामागें मदतीची सोय, अशी मांडणी आहे.

मांडणी चांगली आहे, यांत शंका नाहीं. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. सॉफ्टवेअर बाहेरून येईल. सोसायटीची खतावणी बाहेरून यावयाची नाहीं. ती आपल्याच कपाटांत आहे, व ती जशी असेल तशीच संगणकांत जाणार आहे. यंत्र आलें, शिकविणारा आला, बटण दाबलें व काम झालें, असा जो कित्येक चालकांचा समज आहे तो अगदीं चुकीचा होय. नवा गोऱ्हा जुवास लावितांना एकानें कासरा धरावा लागतो, एकानें पुढें चालावें लागतें व एकानें औत दाबावें लागतें. तिघांपैकीं एकानें हात सोडला तर तास वांकडें जातें. येथेंहि तसेंच आहे.

चूक झाल्यास नुकसान कोणाचें ?

समजा, एका सभासदानें ८०,००० रुपये पीककर्ज घेतलें व मुदतीपूर्वीं त्यांपैकीं ३०,००० भरले. पावती मिळाली, किर्दींत रक्कम जमा झाली, परंतु खतावणींत ओढावयाची राहिली. हातचें दप्तर होतें तोंवर सचिवास माणूस ओळखीचा असे. पावती दाखविली कीं नोंद दुरुस्त होई. संगणकास ओळखदेख नाहीं. खतावणींतील ८०,००० त्यांत गेले कीं तेवढेंच त्या सभासदाचें देणें. उरलेले ५०,००० त्यानें मुदतींत भरले, तरीहि ३०,००० रुपयांचा तो थकबाकीदार दिसूं लागतो. मग मुदतींत फेड करणारास मिळणारी व्याजाची सवलत जाते, पुढील हंगामाचें कर्ज अडतें, आणि सात-बाराच्या इतर हक्कांतील सोसायटीच्या इकराराचा बोजा उतरत नाहीं. पैसे भरूनहि इतकें सोसावें लागतें, तें एका न ओढलेल्या नोंदीमुळें.

२०१७ सालच्या कर्जमाफीच्या वेळीं शेतकऱ्यांनीं भरलेले अर्ज व बँकांनीं दिलेली माहिती यांचा मेळ बसेना, म्हणून कित्येकांस हक्काच्या रकमेकरितां तिष्ठत बसावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. महसुली कारकुनींत आमचें आयुष्य गेलें, व हस्तलिखित सात-बारा संगणकांत उतरतांना आम्हीं जवळून पाहिला आहे. क्षेत्राच्या आकड्यांतील टिंब एक घर इकडचें तिकडे झालें, किंवा चार वारसांपैकीं एकाचें नांव गळलें, तर ती चूक होण्यास क्षणहि लागत नसे. परंतु ती काढण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालीं अर्ज, तपासणी व हुकूम इतकें सारें लागे, व खातेदाराच्या खेपा निराळ्याच. त्यापेक्षां आधींच दक्षता घेणें स्वस्त पडतें.

कोणाचें काय काम

पहिलें, संचालक मंडळ. मंडळ हें या कामाचें मालक आहे. मालकानें स्वतः संगणक चालविला पाहिजे असें नाहीं; परंतु काम कोणावर सोंपविलें, तें कोणत्या तारखेस पुरें व्हावयाचें व तें कोण तपासणार, हें ठरावांत लिहिलें पाहिजे. संचालकांपैकीं एकास या कामाचा जबाबदार नेमून मासिक सभेंत त्याच्याकडून प्रगतीचा अहवाल घ्यावा. सर्वांचें काम तें कोणाचेंच काम नव्हे, हा अनुभव गांवकीच्या प्रत्येक कामांत येतोच. आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर अध्यक्षांनीं खातीं जुळल्यावांचून सही करूं नये.

दुसरें, गटसचिव. दप्तराची खरी जाण त्यासच असते. कोणतें कर्ज नव्यानें फिरविलें, कोणता सभासद मयत, कोणाचें नांव दोन ठिकाणीं आहे, हें तोच सांगूं शकतो. परंतु कित्येक ठिकाणीं एकाच गटसचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असतात. त्यानें दिवसा वसुली करावी व रात्रीं संगणकांत आंकडे भरावे, अशी अपेक्षा धरणें अन्यायाचें आहे. भरण्याचें काम दुसऱ्यास द्यावें व सचिवाकडे तपासण्याचें व शंका सोडविण्याचें काम ठेवावें. तेवढ्या महिन्यांपुरती मदतीस एखादी लिहिणारी व्यक्ति दिली तर तो खर्च वायां जात नाहीं.

तिसरें, यंत्रणा बसविणारी कंपनी. सॉफ्टवेअर सुरू करून देणें, दप्तरांतील माहिती त्यांत घालणें, शिकविणें व अडचण आल्यास धांवून येणें, हें तिचें काम. खतावणींतील आंकडा खरा कीं खोटा, हें ठरविणें तिचें काम नव्हे व तिला तें ठरवितांहि यावयाचें नाहीं. तिच्या माणसानें आंकडा जुळत नाहीं म्हणून मनानें जुळवून दिला, तर तो उपकार नसून अपकार समजावा. तसेंच शिक्षण म्हणजे एका दुपारचें व्याख्यान नव्हे. कर्जवाटप, वसुली, दिवसअखेर व व्याजआकारणी हीं चार कामें सचिवानें आपल्या हातानें करून दाखविलीं म्हणजेच शिक्षण झालें असें मानावें.

चौथें, जिल्हा मध्यवर्ती बँक. सोसायटीचें बँकेस देणें व सभासदांकडून सोसायटीचें येणें यांचा मेळ असावा लागतो. जेथें देणें अधिक व येणें कमी, तेथें त्यास अनिष्ट तफावत म्हणतात, हें जुन्या संचालकांस सांगावयास नको. हातच्या दप्तरांत ही तफावत वर्षानुवर्षें झांकून राहते. संगणक ती पहिल्याच दिवशीं उघडी पाडतो. म्हणून बँकेच्या तपासनिसानें बँकेकडील शिल्लक लेखी द्यावी, व दोन्हीं बाजूंचे आंकडे कोठें फुटतात तें आधींच शोधावें.

पांचवें, लेखापरीक्षक व निबंधकाचें कार्यालय. ज्या बाक्यांवर नवें दप्तर उघडावयाचें त्या बाक्या लेखापरीक्षकानें पाहिलेल्या असाव्या. निबंधकाच्या कार्यालयानें तारखांचा पाठपुरावा करावा. परंतु किती संस्था सुरू झाल्या एवढेंच न विचारतां किती संस्थांचीं खातीं जुळलीं, हेंहि विचारावें.

कामाचा क्रम

पहिल्यानें एक दिवस ठरवावा. ३१ मार्च हा सर्वांत सोयीचा, कारण त्या दिवशींचा ताळेबंद तयारच करावा लागतो. त्या तारखेपर्यंत किर्दींतील प्रत्येक रक्कम खतावणींत ओढून घ्यावी, तेरीज मांडावी, व प्रत्येक सभासदाच्या बाक्यांची बेरीज ताळेबंदांतील आकड्याशीं लावून पाहावी. समजा, ताळेबंद येणें कर्ज १,४२,५०,००० दाखवितो व खात्यांची बेरीज १,४०,००,००० येते. हे अडीच लाख कोठें गेले, तें शोधल्यावांचून पुढें जाऊं नये. फरक सस्पेन्स खात्यांत टाकून मोकळें होण्याचा मोह होतो. पण उकिरड्यावर माती लोटल्यानें उकिरडा नाहींसा होत नाहीं.

मग बाक्या संगणकांत घालाव्या, व संगणकानें काढलेली यादी खतावणीशीं ओळीनें ताडून पाहावी. एकानें वाचावें, दुसऱ्यानें खूण करावी. यानंतर निदान एक तिमाही तरी दोन्ही दप्तरें शेजारीं चालवावीं. प्रत्येक सायंकाळीं हातच्या किर्दीची शिल्लक, संगणकाची शिल्लक व तिजोरींतील रोकड या तिन्ही एक आल्या पाहिजेत. व्याजाचीं दहा-वीस खातीं हातानें मांडून संगणकाच्या आकड्याशीं ताडावीं. असें सारें जुळूं लागलें म्हणजे मगच हातचें दप्तर बंद करण्याचा ठराव करावा. वहींतील लेखन थांबलें तरी जुनीं दप्तरें मात्र रद्दींत घालूं नयेत.

संकेतशब्दाविषयीं एक शब्द. आमच्या खात्यांत फेरफार लिहितो तलाठी, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. व तो प्रमाणित करतो मंडल अधिकारी. लिहिणारा व मान्य करणारा हे दोन निराळे असल्यामुळेंच त्या नोंदीस वजन आहे. सोसायटींतहि नोंद भरणारा एक व ती मंजूर करणारा दुसरा असावा, व प्रत्येकाचा संकेतशब्द त्याच्याजवळच राहावा. दोघांचा संकेतशब्द भिंतीवरील पंचांगाच्या कोपऱ्यांत लिहून ठेवणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून तो टेबलावर ठेवणेंच होय.

सभासदानें काय करावें

२०१७ सालीं संगणकीकृत सात-बारांचें चावडीवाचन झालें. गांवासमोर वाचल्यामुळें कित्येक चुका खातेदारांनींच दाखवून दिल्या. सोसायटींतहि अशीच कांहीं सोय असावी. मात्र कोणाचें कर्ज किती, हें चावडीवर ओरडून सांगण्याची गोष्ट नव्हे. त्यांत माणसाची अब्रू असते. म्हणून प्रत्येक सभासदास त्याच्या खात्याची छापील चिठ्ठी द्यावी : भागाची रक्कम, कर्ज, भरलेली रक्कम व तारीख, व्याज आणि बाकी. ती घरच्या पावत्यांशीं ताडून त्यानें मान्यतेची सही करावी, अथवा हरकत लिहून द्यावी. हरकतींकरितां एक वही ठेवावी व प्रत्येक हरकतीपुढें निकाल व तारीख लिहावी. मयत सभासदांच्या वारसांनीं तर या वेळीं अवश्य पुढें यावें. नंतर त्यांस विचारावयास कोणी येणार नाहीं.

पावत्या जपून ठेवण्याची आपल्यांत संवय कमी. कर्ज फिटलें कीं पावती चुलींत, असें पुष्कळ घरीं चालतें. निदान हें काम पुरें होईपर्यंत तरी तसें करूं नये.

वार्षिक सर्वसाधारण सभेंत चहा घेऊन अहवालास माना डोलविण्यापेक्षां पुढील पांच प्रश्न विचारावे. आपल्या सोसायटीचें दप्तर कोणत्या तारखेच्या बाक्यांवर संगणकांत गेलें ? त्या बाक्या कोणीं तपासल्या ? खात्यांची बेरीज ताळेबंदाशीं जुळते काय ? बँकेशीं तफावत किती ? आणि नोंद भरणारा व मंजूर करणारा कोण कोण ? यांचीं उत्तरें देणारें मंडळ काम जाणतें असें समजावें. उत्तरें न मिळाल्यास रागावूं नये, परंतु प्रश्न इतिवृत्तांत लिहून घेतल्यावांचून उठूं नये.

संगणक हा शत्रु नव्हे, व देवहि नव्हे. खरें दप्तर त्यास दिलें तर तो एका क्षणांत खरा हिशेब देईल. खोटें दिलें तर तेंहि तितक्याच वेगानें सरकारच्या व बँकेच्या दारापर्यंत पोंचवील. त्यास काय द्यावयाचें, तें अजून आपल्या हातीं आहे. वाचकांनीं येत्या मार्चअखेरच्या आधीं आपल्या सोसायटींत एकदां जाऊन आपलें खातें डोळ्यांनीं पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.