वर्गातील कर्णबधिर मूल व त्याचा एकाकीपणा

एकांत आणि एकाकीपणा यांत मोठे अंतर आहे. एकांत मनुष्य स्वेच्छेने पत्करतो. एकाकीपणा त्याच्यावर लादला जातो, आणि तो भरल्या वर्गातही वाट्यास येतो. कर्णबधिर मुलाची स्थिती बहुधा अशीच असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींपैकी सुमारे ५० लाखांस श्रवणदोष होता. दिव्यांगांपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असल्याचेही तीत आढळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत वा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तथापि शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे सोबत मिळालीच, असे नव्हे.

श्रवणदोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून असे मूल पुष्कळदा ‘मठ्ठ’ वा ‘हट्टी’ ठरते. इतर हसले की ते मागाहून हसते. इतरांनी वही उघडली की मग आपली उघडते. प्रश्न एक असता उत्तर दुसरेच देते. कान वाहत असल्यासही ऐकणे मंदावते. अशा मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाच्या तपासणीचाही समावेश आहे.

ओठ पाहून सर्व काही कळते, ही समजूत चुकीची आहे. प, ब, म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात. त्यामुळे ‘मामा’ आणि ‘बाबा’ यांतील भेद मुलाने केवळ संदर्भावरून ताडावयाचा असतो. या कष्टाने ते थकते, आणि हळूहळू संभाषणच टाळू लागते. एकाकीपणाचा उगम येथे आहे.

यास्तव शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये. खिडकीकडे पाठ करून उभे राहिल्यास चेहऱ्यावर छाया पडते, तेही टाळावे. ओरडल्याने ओठांची ठेवण बिघडते आणि श्रवणयंत्रातून गलकाच वाढतो. ‘समजले का?’ असे विचारल्यास मूल संकोचाने मान डोलावते. त्याऐवजी काय समजले, ते त्याच्याकडून सांगवून वा लिहवून घ्यावे. बोलणाऱ्या विद्यार्थ्याने हात वर करावा, म्हणजे कोणाकडे पाहावे ते त्याला कळते.

खेळाचे महत्त्वही तितकेच आहे. खो-खोमध्ये ‘खो’ पाठीवर थाप देऊन मिळतो. शिट्टीच्या जोडीला रुमाल हलविला, की हे मूल बरोबरीने धावू शकते. वर्गाने दररोज दोन-तीन खुणा शिकाव्यात. नवी दिल्ली येथे २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांच्या खुणांचा कोश सिद्ध केला आहे. त्याचा येथे उपयोग होईल. मात्र खुणा सर्व वर्गाने शिकावयास हव्यात. एकट्या त्या मुलास त्या येऊन भागत नाही, कारण संभाषणास दोघे लागतात.

महिनाअखेरीस मधल्या सुटीत ते मूल कोणाबरोबर डबा खाते, हे शिक्षकाने दुरून पाहावे. हजेरीपटावर न दिसणारी उपस्थिती तेथे दिसते.