कामावर परतताना फोनची सोबत



कुष्ठरोगाची औषधे मोफत मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. तेथे आपली सेवा संपली, असे मला पूर्वी वाटे. पण बधिर हातापायांत संवेदना परत येतेच असे नाही. गडचिरोलीतील एक आदिवासी बांधव हाताची शस्त्रक्रिया व व्यायाम पूर्ण करून घरी गेले आणि धान कापणीला लागले. विळ्याच्या मुठीने तळहात सोलला, पण त्यांना दुखलेच नाही. जखम चिघळली, हंगामाची मजुरी बुडाली.

आता घरी गेलेल्यांशी आम्ही दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलतो. फिजिओथेरपिस्ट ताई आधी हात-पाय कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. लाली, फोड किंवा भेग दिसली, तर त्या दिवशी काम बंद. जखम खोल असेल, तर दवाखाना. मग अवजार पाहतात. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की ती जाड व मऊ होते. रोज हात-पाय पाण्यात भिजवून तेल लावणे, चुलीवरचे भांडे जाड फडक्याने धरणे, मऊ तळाची चप्पल घालणे, याची उजळणी होते. दिव्यांग ओळखपत्राचा अर्जही आम्ही ऑनलाइन भरून देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचाही समावेश आहे.

त्या बांधवांनी यंदाची कापणी जखमेविना पूर्ण केली. ज्या गावी रेंज नाही, तेथे मात्र आम्हाला चालतच जावे लागते.

आपल्या घरी चालू स्थितीतला जुना स्मार्टफोन पडून असेल, तर तो अवश्य पाठवा. प्रार्थनेत या बांधवांची आठवण असू द्या.