अ‍ॅक्सेंट वेगळा की डायलेक्ट वेगळी?

‘तुझ्या मराठीचा अ‍ॅक्सेंट काही वेगळाच आहे हं!’ पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून हे वाक्य इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या अनेक मराठी मुलांना ऐकावं लागतं. सगळे हसतात आणि मूल पुढच्या वेळी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागतं. म्हणूनच अ‍ॅक्सेंट आणि डायलेक्ट या दोन इंग्रजी शब्दांतला फरक समजून घ्यायला हवा.

अ‍ॅक्सेंट म्हणजे उच्चाराची ढब. वर्ण कसे उच्चारता, कुठे जोर देता, सूर कसा चढतो-उतरतो, एवढंच त्यात येतं. डायलेक्ट म्हणजे बोली. तिच्यात उच्चाराबरोबरच स्वतःचे शब्द आणि स्वतःचं व्याकरणही असतं. स्कॉटलंडचा माणूस प्रमाण इंग्रजीत बातम्या वाचतो तेव्हा त्याचा फक्त अ‍ॅक्सेंट स्कॉटिश असतो. घरी तो ‘स्मॉल’ऐवजी ‘वी’ म्हणाला, की ती झाली बोली.

आता हेच आपल्या मराठीला लावून पाहू. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत. हिंदीच्या सहवासात वाढलेलं मूल कधी कधी दोन्ही सारखेच उच्चारतं; ‘शाळा’ची ‘शाला’ होते. हा अ‍ॅक्सेंट. पण बेळगाव-कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते किंवा नागपूरचा माणूस ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतो, तेव्हा उच्चार नव्हे, व्याकरण वेगळं असतं. ही बोली. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरला रुजलेली मराठीही अशीच एक बोली आहे. तिला ‘बिघडलेली मराठी’ म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रमाण मराठीसुद्धा मुख्यतः पुण्याकडच्या बोलीच्या आधारावरच घडली. परीक्षेत, अर्जात, लेखनात ती यायलाच हवी. पण त्यासाठी घरची बोली सोडावी लागत नाही. अ‍ॅक्सेंट तर प्रत्येकालाच असतो, हसणाऱ्यालाही!

तेव्हा पुढच्या वेळी कोणी टोकलं, तर गप्प बसू नका. हसून विचारा, ‘काका, उच्चार वेगळा वाटला की शब्द?’ उच्चार असेल तर हवा तर सरावाने बदलता येईल. शब्द आजीकडून आलेला असेल, तर तो काकांनाच शिकवा. पण बोलणं मात्र मराठीतच चालू ठेवा.