शस्त्रक्रियेनंतरचें हिंडणें-फिरणें आणि भेटीगांठी

घरांतील माणूस शस्त्रक्रिया करून घेऊन दवाखान्यांतून परत आला, कीं घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, आतां महिना-दीड महिना अंथरूण सोडावयाचें नाहीं. दुसरा म्हणतो, टांके निघाले, आतां काय राहिलें? पहिल्या पक्षांत वडील मंडळी असतात. दुसऱ्या पक्षांत पुष्कळदां रोगी स्वतःच असतो. विशेषतः ती घरची सून असेल आणि सुगी तोंडावर आली असेल तर. दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें असतें, आणि राहिलेलें अर्धें सोडून दिल्यामुळेंच नुकसान होतें.

शस्त्रवैद्यानें घातलेला छेद वरून फार लौकर मिटतो. नीट शिवलेल्या जखमेवर एक-दोन दिवसांतच नव्या कातडीचा पातळ थर धरूं लागतो. पण आंतील मजबुती इतक्या त्वरेनें येत नाहीं. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्या जागीं मूळ कातडीच्या मानानें शेंकडा ३ च्या आसपासच ताकद असते. तीन आठवड्यांनीं ती शेंकडा २० ते ३० होते, आणि शेंकडा ८० पर्यंत पोंचावयास सुमारें तीन महिने लागतात. म्हणून टांके निघणें म्हणजे जखम भरणें नव्हे. पण यावरून निजूनच राहावें, असाही अर्थ काढूं नये. चालण्यानें जखमेवर फारसा ताण पडत नाहीं. ताण पडतो तो ओझें उचलण्यानें, जोर करण्यानें आणि दमछाक होईपर्यंत वांकण्यानें. चालणें लौकर आणि उचलणें उशिरां, हें या सर्व विषयाचें सूत्र आहे.

हें सूत्र वैद्यकशास्त्रालाही सहजासहजीं सांपडलें नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यास दोन-तीन आठवडे उताणें निजवून ठेवण्याची चाल सर्वत्र होती. शिकागोचे डॉ. एमिल रीस यांनीं १८९९ सालींच रोग्यास लौकर उठविण्याचा पुरस्कार केला, पण त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत खाटा अपुऱ्या पडूं लागल्या, रोग्यांना लौकर उठवावें लागलें, आणि ते बिघडण्याऐवजीं लौकर सुधारतात असें दिसून आलें. १९४७ सालीं इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड ॲशर यांनीं अंथरुणाच्या धोक्यांवर एक सुप्रसिद्ध लेखच लिहिला. सतत निजून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्त साकळतें व त्याची गांठ फुफ्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें; छातींत कफ सांचतो, स्नायू झिजतात, मलावरोध होतो आणि मन खचतें. आज बहुतेक शस्त्रक्रियांनंतर रोग्यास त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं आधार देऊन उभें करतात.

मनाची गोष्टही दुय्यम नाहीं. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया येथील एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदींची तुलना करून रॉजर उल्रिच यांनीं १९८४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षां तीव्र वेदनाशामक औषधें कमी लागलीं, आणि ते सरासरीनें थोडे लौकर घरीं गेले. खिडकींतून दिसणाऱ्या झाडाचा जर इतका गुण, तर अंगणांतील लिंबाखालीं बसावयास मिळणें ही कांहीं चैन नव्हे.

ही गोष्ट खेड्यांत विशेष महत्त्वाची ठरते, कारण तेथें दवाखाना दूर आणि घर जवळ असतें. जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या कार्याबद्दल १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्यांचा मुख्य विचार असा होता कीं, आरोग्य हें दवाखान्याच्या भिंतींत मावत नाहीं. त्यांनीं गांवोगांवच्या साध्या, पुष्कळदां निरक्षर स्त्रियांना शिकवून गांवाच्या आरोग्यसेविका केलें. शस्त्रक्रियेला लागतात तास, आणि बरें होण्यास लागतात आठवडे. ते आठवडे रोगी आपल्याच ओसरीवर काढतो. अशा वेळीं घरची रीत, चूल, पाणी आणि शेत हें सारें ठाऊक असलेली शेजारचीच एखादी जाणती बाई जो सल्ला देते, तो मनास पटतो आणि पाळलाही जातो.

मग हिंडण्यास सुरुवात कशी करावी? पहिले कांहीं दिवस घर आणि अंगण पुरे. पुढें शेजारचें घर, मग मारुतीचा पार. पारावर बसावयास जागा असते, सांवली असते आणि ओळखीचीं माणसें भेटतात. तेव्हां नव्यानें उठलेल्या माणसाला याहून सोयीचें ठिकाण नाहीं. उन्हाळ्यांत सकाळीं किंवा दिवस कलल्यावर निघावें. निम्मी शक्ति जाण्यास आणि निम्मी परतण्यास, हा हिशेब मनांत ठेवावा. आजचें चालणें झेपलें कीं नाहीं, याचा निवाडा उद्यांची सकाळ करते. सकाळीं दुखणें व थकवा वाढला असेल, तर अंतर निम्म्यावर आणावें. नसेल, तर थोडें वाढवावें. शेताच्या बांधापर्यंत जावें, पीक पाहावें, पण खुरपें हातीं घेऊं नये.

जरा दूर जावयाचें झाल्यास ठिकाण निवडण्यांत शहाणपण आहे. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्यादेवी होळकरांचें जन्मगांव. त्यांचा जन्म १७२५ सालचा, आणि २०२४ सालीं त्यांच्याच नांवानें जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. तेथें वाहनानें जाऊन, थोडें चालून, बसून परत येतां येतें. जवळच बीड जिल्ह्याच्या हद्दींत सौताड्याचा धबधबा आहे; पावसाळ्यांत तें दृश्य डोळे निववणारें असतें. पण रामेश्वराच्या दर्शनास पायऱ्या उतरून दरींत जावें लागतें. उतरतांना कांहीं वाटत नाहीं. खरी परीक्षा चढतांना होते. अशा माणसानें पहिले दोन-तीन महिने वरूनच धबधबा पाहावा आणि देवाला तेथूनच नमस्कार करावा. जखम पुरती कोरडी होईपर्यंत नदींत किंवा कुंडांत उतरून स्नानही करूं नये.

प्रवासांत मोटारसायकलीपेक्षां एस. टी. बरी, पण मागच्या चाकांवरची बैठक टाळून मधली घ्यावी, म्हणजे हिसके कमी बसतात. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यानें जवळ एक लहान उशी ठेवावी आणि खोकला आल्यास किंवा गचका बसण्याच्या वेळीं ती पोटाशीं हलकेच दाबून धरावी. प्रवास लांबचा असेल, तर तासा-तासानें उतरून चार पावलें टाकावींत व बसल्या जागींही पायांचे घोटे हालवावेत. डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यास चालण्याची मनाई नसते. धूळ, चोळणें आणि वांकून जड उचलणें मात्र टाळावें लागतें. प्रत्येक शस्त्रक्रियेचें पथ्य वेगळें. म्हणून घरीं निघण्यापूर्वींच किती चालावें, काय उचलूं नये आणि प्रवास कधीं करावा, हे तीन प्रश्न शस्त्रवैद्याला विचारून घ्यावेत.

आतां भेटीगांठींविषयीं. आजाऱ्याच्या भेटीस जाणें हा आपल्याकडे शिष्टाचार आहे, पण त्याची शीण होऊं लागली कीं तो अत्याचार होतो. पंधरा-वीस मिनिटें बसावें. हात धुऊन जवळ जावें. सर्दी-पडसें असल्यास निरोपच पाठवावा. आणखी कोणाचें असेंच ऑपरेशन कसें बिघडलें, ही हकीकत ओसरीबाहेरच ठेवावी. रोग्याशीं रोगाखेरीज इतर विषयांवरही बोलावें, कारण कित्येक दिवस त्यानें दुसरें कांहीं ऐकलेलें नसतें. नातवंड धांवत आलें, तर त्याला उचलून घेऊं नये. बसल्या जागीं शेजारीं घ्यावें. मुलाला माया तेवढीच मिळते आणि टांक्यांना धक्का बसत नाहीं.

स्त्रियांच्या बाबतींत भेटीचा एक जुना प्रकार फार मोलाचा आहे, तो माहेरपणाचा. सासरीं बाई अंगणांत दिसली कीं ती बरी झाली असें धरलें जातें, आणि हंडा तिच्या हातीं येतो. पंधरा लिटरांच्या हंड्यांत पंधरा किलो वजनाचें पाणी मावतें. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तर साधारण सहा आठवडे असलें ओझें उचलावयाचें नसतें. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांचीं गर्भाशयें काढलीं गेल्याचें उघड झाल्यावर २०१९ सालीं राज्यसरकारला चौकशीसमिती नेमावी लागली. रोजावर पोट असणाऱ्या बाईला विश्रांति नुसत्या उपदेशानें मिळत नाहीं. तिचा हंडा दुसऱ्या कोणीं उचलावा लागतो. माहेरीं तो आई किंवा भावजय उचलते. जेथें माहेर नाहीं, तेथें नवऱ्यानें व शेजारणींनीं तें काम वाटून घ्यावें. भेटीस आणलेल्या पेढ्यांपेक्षां भरून दिलेली घागर अधिक उपयोगी.

ज्याचा पाय कापावा लागला आहे, त्याच्या बाबतींत बाहेर पडण्याचा प्रश्न याहूनही कठीण. जयपूर येथें कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असा रबरी पाय सिद्ध केला कीं, जो घालून अनवाणी चालतां येतें, उकिडवें बसतां येतें, चिखलांतही उतरतां येतें. जामखेडच्या प्रकल्पांतही असे कृत्रिम पाय तयार करून बसविण्याचें काम चालत आलें आहे. ज्या माणसाला पंगतीला मांडी घालून बसतां येतें, तो चार लोकांत पुन्हां सामील होतो. नुसतें चालतां येण्याइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

कांहीं खुणा मात्र दिसतांच फिरणें थांबवून दवाखाना गांठावा: ताप, जखमेची वाढती लाली किंवा पू, टांक्यांची फट, वाढत जाणारें दुखणें, एकाच पोटरीची सूज. एकाएकीं धाप लागली किंवा छातींत दुखूं लागलें, तर क्षणाचाही विलंब करूं नये. या खुणा घरांतील निदान दोघांना ठाऊक असाव्यात. तेवढी सावधगिरी बाळगल्यावर बाकीचें भय सोडून द्यावें. बरें झाल्यावर हिंडूं-फिरूं, असें रोगी म्हणत असतो. त्याला कोणीं तरी हात देऊन पारापर्यंत नेलें पाहिजे, कारण मापानें हिंडणें-फिरणें हाच बरें होण्याचा एक भाग आहे.