चोविसाव्या हिश्शातली मोटार

संपादकांनी मला भंडाऱ्याला पाठवलं ते पितळेसाठी. पितळनगरीतल्या भांड्यांवर त्यांना लेख हवा होता आणि तो मी लिहिणारच आहे. पण एका भांडीवाल्याने बोलता बोलता सांगितलं की त्यांच्याकडून पितळी पत्र्याची कात्रणं नेणारे एक काका आहेत, त्यातून ते मोटारीच्या आरशाची दांडी करतात. मोटार केवढी, असं विचारलं तर त्याने वितीपेक्षा थोडी लहान खूण हाताने दाखवली. मग पितळ त्या दिवसापुरतं बाजूला राहिलं.

काका निवृत्त फिटर. गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रक-बसचे गिअरबॉक्स जुळवण्यात त्यांची उमर गेली. आता घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलावर, ते प्लॅस्टिकच्या किटमधून स्पोर्ट्‌स कार बांधतात. मी गेले तेव्हा टेबलावर जपानच्या तामिया कंपनीची माझदा एमएक्स-५ होती, दोन माणसांची, उघड्या टपाची. खरी गाडी ३,९१५ मिलिमीटर लांब. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे टेबलावरची साधारण १६३ मिलिमीटर. खोक्यात गाडी नसतेच. असतात प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले आकडे घातलेले सुटे भाग, रबरी टायर, पाण्यात भिजवून चिकटवायचे डिकाल आणि एक घडीची पुस्तिका. पुस्तिकेत मजकूर थोडा, चित्रं भरपूर. काका ती नकाशासारखी वाचतात. चाक कुठे अडेल, सीट बसवल्यावर कुठे हात पोचणार नाही, हे त्यांना गोंद उघडायच्या आधीच माहीत असतं.

कंपनीचा इतिहास थोडक्यात सांगते. शिझुओका शहरात १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला, त्यातून लाकडी खेळण्या-मॉडेलांकडे वळले. १९६० साली काढलेलं ‘यामातो’ या युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट बाजारात पडलं. पुढे त्यांचे चिरंजीव शुनसाकू यांनी कंपनीला जगभर नाव मिळवून दिलं. पोर्शेचं किट नीट व्हावं म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली, हा किस्सा या छंदातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्यातून १९७६ साली एकास बारा प्रमाणातली पोर्शे ९३४ आली. शुनसाकू २०२५ च्या जुलैमध्ये, नव्वदाव्या वर्षी गेले. काकांना या किश्शात गाडी सुटी करण्याचं काही वाटत नाही. “सुटी कोनीबी करते जी. परत जुळवली का, ते सांगा.” जुळवायला पोर्शेच्या माणसाला बोलवावं लागलं होतं म्हणतात, हे मी सांगितल्यावर ते मनापासून खूश झाले.

पण माझा जीव अडकला तो बॉडीवरच्या एका रेषेत. मोटारीचं वरचं कवच किटमध्ये अखंड येतं, बॉनेटपासून मागच्या बंपरच्या वरपर्यंत एकच तुकडा. पॉलिस्टायरीन वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात, ते थंड झालं की साचा उघडतो. दोन फाळ्यांचा साधा साचा फक्त वर-खाली उघडू शकतो, आणि मोटारीला तर चारही बाजूंना आत-बाहेर वळणं आहेत. म्हणून साच्याला बाजूला सरकणारे तुकडे करावे लागतात. ते चार दिशांना मागे हटतात तेव्हाच कवच न तुटता मोकळं होतं. असे तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे प्लॅस्टिकवर केसासारखी रेघ उमटते. मडगार्डच्या कडेवरून, दिव्याच्या कोपऱ्यातून ती जाते. साचा कितीही उत्तम असो, ती रेघ राहतेच.

साध्या डोळ्यांना ती दिसतही नाही. काकांनी माझं बोट धरून मडगार्डवरून फिरवलं तेव्हा नखाला लागली. रंग चढला की हीच रेघ चकाकीत उठून दिसते, कारण चकचकीत रंग खालचं काहीच लपवत नाही. काका ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करतात, मग ६००, मग १०००, पाण्यात बुडवून, कागद एका खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून. बोटाने घासलं तर बोटाच्या उंचवट्याप्रमाणे खळगा पडतो, खोडरबराने तो पडत नाही. मडगार्डची कड मात्र घासताना गोल होऊ द्यायची नाही. तेवढ्यासाठी ते तिच्यावर टेपची पट्टी लावतात. मला त्या खोलीत सगळ्यात जास्त काही आवडलं असेल तर ही टेप.

मग दरवाजांच्या फटी. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यात चार मिलिमीटरची फट असेल तर इथे ती ०.१७ मिलिमीटर होते. उलट रंग काही चोवीस पट पातळ होत नाही. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून दशांश मिलिमीटरचा थर बसला, तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा ठरेल. फटी भरून जातात आणि दार नुसतं रंगवल्यासारखं दिसतं. म्हणून रंगाच्या आधी टोकदार हत्याराने प्रत्येक फट खोल करायची, एकाच दिशेने, जोर न देता. हात निसटला तर ओरखडा पुट्टीने भरून पुन्हा चारशेपासून. काकांनी माझ्यासमोर एका दाराची फट खोल केली. दोघंही तेवढा वेळ गप्प होतो.

चिकटवण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. किटचा पातळ गोंद खरं तर गोंद नव्हेच. त्यातला द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो, वेल्डिंगसारखा. फेविक्विक इथे घातक. त्याची वाफ विंडशील्डवर बसली की काच दुधाळ होते. म्हणून काचांना काका फेविकॉल लावतात.

एवढं सगळं जमलं तरी भंडाऱ्यात गाडी रंगवणं अवघडच, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. पावसाळ्यात लॅकर रंग फवारला की त्यातलं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं जमतं आणि लाल गाडी पांढरट पडते. एप्रिल-मे महिन्यांत उलटं. रंगाचे थेंब बॉडीवर पोचायच्या आतच सुकतात आणि कवच खरखरीत होतं. राहतो हिवाळा. पण हा धानाचा जिल्हा. कापणी-मळणीच्या दिवसांत हवेत भुसा तरंगतो आणि ओल्या रंगावर येऊन बसतो. काका म्हणतात, मळणी आटोपल्यापासून होळीपर्यंत, सकाळी दहा ते बारा, तेवढीच वेळ आपली.

किट आयातीचं. खेळण्यांवरची सीमाशुल्काची वाढ (२०२० साली वीसवरून साठ टक्के, २०२३ साली सत्तर) काकांच्या पेन्शनला थेट जाणवली. पूर्वी ते वर्षाला दोन-तीन गाड्या घेत, आता एक. तामियाच्या रंगाचे फवारे दाबाने भरलेले आणि ज्वालाग्राही, ते विमानाने साध्या पार्सलमधून येत नाहीत. म्हणून काका शहरातल्या गॅरेजवाल्यांच्या दुकानातून ड्यूको, म्हणजे खऱ्या मोटारींचा रंग, आणतात. ड्यूकोचं थिनर जहाल. उघड्या पॉलिस्टायरीनवर पडलं तर कवचावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. आधी प्रायमरचे पातळ हात, ते पुरते सुकू द्यायचे, मग ड्यूको, तोही धुक्याइतका हलका. शिवाय लालाचं नखरेल वागणं. करड्या प्रायमरवर तो काळवंडतो, गुलाबीवर उजळतो.

यातलं काही कोणाला शिकवता येईल का, असं मी विचारलं. गल्लीतली दोन मुलं सुट्टीत येतात. चौकटीतून भाग कापायला त्यांना आवडतं, घासायला नाही. “ताई, घासाची पाळी आली का पोट्टे गायब,” काका म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि ते ती पुढे ढकलत आहेत, कारण फटीचं काम डाव्या बाजूचं अजून बाकी आहे. मी त्यांना आधी डोळा करून घ्या म्हटलं. त्यांच्या सूनबाईंनीही तेच म्हटलं, चहा देताना, माझ्या देखत.

ड्यूकोच्या दुकानात अर्ध्या लिटरपेक्षा कमी रंग मिसळून देत नाहीत. एका गाडीला पन्नास मिलिलिटरही लागत नाही. उरलेला डबा पुढच्या हिवाळ्यापर्यंत घट्ट होतो, म्हणून दर वेळी नवा, आणि डोळ्याच्या अंदाजाने मिसळलेला असल्याने प्रत्येक वेळचा लाल वेगळा. काकांच्या कपाटात असे चार डबे आहेत. त्यांनी चारही रंग प्लॅस्टिकच्या चमच्यांवर फवारून ठेवले आहेत आणि चमच्यामागे तारीख, प्रायमर, किती हात, असं बारीक अक्षरात लिहिलं आहे. माझदासाठी तिसऱ्या चमच्याचा लाल ठरला आहे.